साळवे मान हलवायचे

साळवेंना वास येईनासा झाला तो दिवस गुरुवार होता. त्यांच्या स्वयंपाकघरात दूध करपलं. साळवे त्याच ओट्याशेजारी स्टुलावर बसून पेपर वाचत होते. साळवेवहिनी गच्चीवरून कपडे घेऊन आल्या, त्यांनी गॅस बंद केला आणि विचारलं, "तुम्हाला कळलं नाही?" साळवे म्हणाले, "नाही."

मी समोरच्या दारात राहतो. करपलेल्या दुधाचा वास जिन्यात आला म्हणून मी बेल वाजवली होती. त्यामुळे ही गोष्ट कळलेला तिसरा माणूस मी. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ती लिहून ठेवण्यासारखी नव्हती. त्यांना नुकताच ताप येऊन गेला होता, आणि तापानंतर काही जणांचा वास जातो, काहींचा परत येतो. पण कोपरीतल्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी गाड्या सुरू व्हायच्या त्या साळवेंच्या नाकाच्या भरवशावर. हे नीट सांगायला हवं.

वसंत साळवे मोटार विम्याचे सर्व्हेअर होते. गाडी ठोकली, बुडाली किंवा जळाली, की ती कशामुळे, हे जाऊन बघायचं आणि कंपनीला कळवायचं हे त्यांचं काम. त्यांतही जळालेल्या गाड्या हा त्यांचा प्रांत. माजिवड्यापासून कल्याणपर्यंत कुठेही गाडी पेटली की दुसऱ्या दिवशी साळवे तिच्याशेजारी गुडघे टेकून बसलेले दिसत. गुडघ्यांखाली घ्यायला ते घरची एक जुनी उशी बरोबर नेत. उशीच्या अभ्र्यावर वहिनींनी लग्नानंतर कधीतरी 'शुभ रात्री' असं भरतकाम केलेलं होतं. हायवेच्या कडेला काळ्याठिक्कर सांगाड्यापाशी ती उशी टाकून साळवे आत टॉर्च मारत बसले की जाणारे-येणारे क्षणभर थांबत. साळवेंना त्याचं काही वाटत नसे. "गुडघे माझे आहेत, अभ्रा कुणी का वाचेना," ते म्हणत.

जळालेल्या गाडीपाशी गेल्यावर ते कागद मागत नसत. आधी थोडा वेळ नुसते उभे राहत, सांत्वनाला गेल्यासारखे. मग मालकाला विचारत, "गाडीत कोणी नव्हतं ना?" उत्तर आधीच माहीत असलं तरी विचारत. मालक बहुधा "नाही हो, वेळेवर उतरलो" म्हणे, आणि मग कामाला सुरुवात होई. एकदा उत्तर वेगळं आलं. त्याबद्दल साळवे कधी बोलले नाहीत. वहिनींनी एवढंच सांगितलं की त्या दिवशी ते घरी आले, जेवले नाहीत, आणि खाली जाऊन सोसायटीतली एकेक गाडी वास घेत बघत हिंडले. तेव्हापासून ते रोजचंच झालं.

"गाडी आपोआप पेटली" हे वाक्य त्यांना सहन होत नसे. "आपोआप काही पेटत नाही. माणूससुद्धा नाही," ते म्हणत. त्यांच्या मते बहुतेक वेळा प्रकार साधा असे. पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत एका पाइपने येतं. त्या पाइपला जागोजागी जोड असतात. गॅरेजमध्ये फिल्टर बदलायला कोणीतरी एक जोड उघडतो, आणि बंद करताना त्याला फोन येतो. नव्या गाडीत जोड बसला की टक् असा आवाज येतो, जुन्या गाडीत क्लिप आवळावी लागते. टक् झालं नाही, क्लिप आवळली नाही, की पेट्रोल झिरपायला लागतं. खाली इंजिन तापलेलं असतं. पुढचं सांगायची गरज नसते. काही जण क्लिप हरवली म्हणून तार गुंडाळतात. तार रबरात रुतते आणि पाइप कापते. "सर्व्हिसिंगहून आलेली गाडी म्हणजे आजारातून उठलेला माणूस," साळवे सांगत. "बरा दिसतो. पण दोन दिवस लक्ष ठेवावं."

माझ्या पुतण्याचं लग्न कल्याणला होतं. साळवे-वहिनी आले होते. जेवणं उरकली, नवरानवरीची गाडी झेंडूच्या माळांनी मढवून दारात आली, आणि आमचे साळवे तिच्या पुढच्या बाजूला नाक लावून उभे. मुलीचे मामा जवळ आले.

"काय बघताय?"

"बॉनेट उघडता का जरा?"

"अहो, फुलं लावलीयत वरून."

"म्हणूनच वास दबलाय. उघडा."

"हे बघा, निघतानाच्या वेळेला असलं अभद्र बोलू नका."

"मी अजून काहीच बोललो नाही," साळवे म्हणाले. ते खरं होतं.

माळा काढल्या, बॉनेट उघडलं. पाइपच्या जोडाशी ओल होती. मुलगी दुसऱ्या गाडीतून सासरी गेली. मामांनी नंतर साळवेंना आइस्क्रीमची दुसरी वाटी आणून दिली, पण बोलले नाहीत. साळवेंनी ती खाल्ली.

ते दर वेळी बरोबर असत असं मात्र नाही. डोंबिवलीत माझ्या बहिणीकडे आम्ही गेलो असताना त्यांनी तिच्या इमारतीचं सगळं पार्किंग रिकामं करायला लावलं. दुपारची झोप मोडलेली माणसं बनियनवर खाली आली, गाड्या ढकलत रस्त्यावर नेल्या, कारण साळवेंनी कुणाला चावी फिरवू दिली नाही. शेवटी कळलं की तळमजल्यावरच्या दुकानात रंगकाम चालू होतं आणि थिनरचा डबा उघडा होता. बहीण मला आतल्या खोलीत नेऊन म्हणाली, "पुढच्या वेळी एकटा ये." साळवेंना मात्र काडीचा संकोच नव्हता. "चुकलो ते बरं झालं," ते म्हणाले. "बरोबर निघालो असतो तर मीही तिथेच उभा होतो."

गाडीत सुगंधी बाटल्या लटकवणाऱ्यांवर त्यांचा राग होता. आमचे सेक्रेटरी कुलकर्णी यांच्या गाडीत गुलाबाचा, मोगऱ्याचा आणि एक समुद्राचा असा तिहेरी वास होता. साळवे त्यांना म्हणाले, "कुत्र्याला राखणीला बसवायचं आणि त्याच्या नाकात कापूस घालायचा, तसं आहे हे." कुलकर्णी म्हणाले, "समुद्राची बाटली जावयाने दिलीय." साळवे म्हणाले, "मग जावयालाच परत लटकवा."

तर हे साळवे रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन आवारातून सावकाश चालत. गाडीपाशी थांबत, थोडे वाकत, श्वास घेत, आणि मान हलवत. डोळे मिटून, एकदाच, खाली. त्याचा अर्थ: जा. हळूहळू लोकांना त्या मानेची सवय झाली. कामावर निघालेला माणूस गाडीत बसून साळवेंची वाट बघू लागला. शाळेची व्हॅन चालवणारा भोईर तर मुलं बसली तरी चावी फिरवत नसे. तो इथल्याच गावठाणातला, साळवेंना मानणारा. "काका, झाला का?" तो खिडकीतून विचारी. साळवे मान हलवत. व्हॅन जाई. भोईरच्या व्हॅनमध्ये मुलांना सांभाळायला मंदामावशी असत. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "आमच्या व्हॅनला रोजचा आशीर्वाद लागतो." त्यात कौतुक किती होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

गुरुवारी वास गेला. शुक्रवारी सकाळी साळवे पिशवी घेऊन खाली गेले.

मी जिन्यात त्यांना गाठलं. "लोकांना सांगायला हवं ना?"

"येईल परत, डॉक्टर म्हणतात."

"तोवर?"

"तोवर डोळे आहेत."

डोळ्यांनी ते बघत होते, हे मी पाहिलं आहे. टॉर्च घेऊन जात, शक्य तिथे बॉनेट उघडायला लावत. पण सकाळच्या घाईत प्रत्येक जण बॉनेट उघडत नाही, आणि पेट्रोल दिसतंच असं नाही, ते उडून जातं. लोक गाडीत बसून त्यांच्याकडे बघत. साळवे वाकत, श्वास घेत, आणि मान हलवत. ती मान त्यांना थांबवता येत नव्हती असं मला वाटतं. इतक्या वर्षांची होती.

पुढल्या आठवड्यात एका संध्याकाळी भोईरने गॅरेजमध्ये फिल्टर बदलून घेतला. सकाळी मुलं बसली. "काका, झाला का?" साळवेंनी मान हलवली. व्हॅन गेली.

कोपरीच्या पुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. पुढचं सगळं मला मंदामावशींनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "भोईर, पेट्रोलचा वास येतोय."

"पुढच्या रिक्षाचा असंल."

"आपल्याच गाडीचा येतोय."

"मावशी, साळवेकाकांनी बघितलाय. मान हलवली ना त्यांनी."

"मान त्यांनी हलवली. नाक माझं आहे. बंद कर गाडी."

भोईरने गाडी बंद केली, कारण मावशींनी तोवर सरकतं दार उघडलं होतं. त्यांनी मुलांना एकमेकांचा हात धरायला लावून कठड्याकडेने खाली नेलं. भोईर सीट उचलून बघायला गेला, कारण त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. नव्या फिल्टरला जोडलेल्या पाइपमधून पेट्रोल टपकत होतं. क्लिप होती. ती आवळलेली नव्हती. पाइपवर बांगडीसारखी फिरत होती.

व्हॅन पेटली नाही. मुलं त्या दिवशी शाळेत उशिरा पोचली आणि घरी येऊन त्यांनी हीच गोष्ट सर्वांत जास्त आनंदाने सांगितली.

भोईर दुपारी आला तेव्हा साळवे पायरीवर बसलेले होते. मी शेजारी होतो. भोईरने तोंड उघडायच्या आत साळवेंनी विचारलं, "मुलं उतरली होती?"

"उतरली. मावशीनं उतरवली." मग त्याने विचारलं, "काका, जाम वास येत व्हता. तुमाला नाय आला?"

"मला वास येत नाही."

"कवापास्ना?"

"गेल्या गुरुवारपासून."

भोईरने हिशेब केलेला दिसला. तो आवाज न चढवता म्हणाला, "मंग मान कशाला हलवलीत, काका?"

भोईर थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्या दिवशी साळवे जेवले नाहीत, हे वहिनींनी मला सांगितलं.

रविवारी साळवेंनी स्वतः सांगून सगळ्यांना आवारात बोलावलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मला वास येत नाही. मी तुम्हाला सांगितलं नाही आणि रोज मान हलवत राहिलो. व्हॅनमध्ये मुलं होती. यापुढे माझ्याकडे बघून कोणी गाडी सुरू करू नये." आणि ते खाली बसले.

कुलकर्णी सहृदय गृहस्थ आहेत. त्यांनी साळवेंच्या प्रकृतीला आराम पडो असं म्हटलं आणि मग विषय पुढे नेला: आता दुसरं कोण नेमायचं? यावर बरीच चर्चा झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचं नाक चांगलं होतं, पण त्यांना वर्षभर सर्दी असे. एकांनी यंत्र बसवावं असं सुचवलं. शेवटी कुणीतरी मंदामावशींचं नाव घेतलं. त्या भोईरबरोबर मागे उभ्या होत्या.

"मी माझ्या गाडीचा घेईन वास," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाड्यांना तुमची नाकं नाहीत काय?"

सभा संपली.

साळवेंनी पुढचे दिवस शिकवण्यात घालवले. बघायचं ते सकाळी, इंजिन गार असताना. टॉर्चने, काडी किंवा लायटर कधीच नाही. पाइप जिथे जिथे जोडलाय तिथे कोरडं बोट फिरवायचं आणि बोटाचा वास घ्यायचा. क्लिप हाताने फिरता कामा नये. पाइपला चिरा दिसल्या तर पाइप बदलायचा, आणि तो पेट्रोलचाच हवा, नळाचा नाही. चालत्या गाडीत वास आला तर बाजूला घ्यायची, बंद करायची, सगळ्यांनी उतरायचं आणि लांब जायचं. धूर दिसला तर बॉनेटला हात लावायचा नाही, उघडलं की आत हवा मिळते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं ते धुळीबद्दल सांगत. "पेट्रोल डाग ठेवत नाही. ते धूळ धुऊन नेतं. मळक्या इंजिनावर एखादी जागा चकचकीत दिसली, तर तिथे घाबरायचं."

लोक ऐकत. बोट फिरवत. आणि मग वर मान करून साळवेंकडे बघत. ते काही केल्या सुटेना. साळवे तोंड फिरवून उभे राहिले तरी लोक फिरून त्यांच्यासमोर येत. कुलकर्णी एकदा म्हणाले, "तुम्ही डोळे मिटलेत, म्हणजे ठीक आहे ना?" "ऊन लागलं," साळवे म्हणाले. कुलकर्णी समाधानाने गाडीत बसून गेले.

दुसऱ्या दिवशी साळवे मानेला पट्टा लावून खाली आले. मणक्याचा त्रास असणारे लावतात तो, जाड, हनुवटीपर्यंत येणारा. मी विचारलं, "मान दुखावली?"

"नाही."

"मग?"

"हलू नये म्हणून."

वहिनी मागून म्हणाल्या, "जेवतानासुद्धा काढत नाहीत. आमटी सांडते." साळवे म्हणाले, "जेवताना तू विचारतेस, झालं का बरोबर? मग हलते." त्या पट्ट्यात ते झापडं लावलेल्या घोड्यासारखे समोर बघत आवारात बसत. काही विचारलं तर अख्खे वळत. लोक त्यांच्याकडे बघत, पण तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. हळूहळू एकेक जण खाली वाकून स्वतःच्या बोटाचा वास घेऊ लागला.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या सकाळी गाड्या धुतात. पाण्याची जोरकस फवारणी करून इंजिनसुद्धा लख्ख करतात, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, लिंबू-मिरची, आणि बॉनेटच्या फटीत उदबत्ती खोचतात. साळवे स्वतः गाडीची पूजा करत नसत. दसऱ्याला ते आणि वहिनी पांढऱ्या कपड्यांत विहारात जात. पण दुसऱ्यांच्या पूजेबद्दल त्यांचं कधी काही म्हणणं नसे, उदबत्ती सोडून. त्या वर्षी मात्र त्यांनी वॉचमनला सांगून आवारातला नळ बंद ठेवला आणि त्याच्यासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले.

"साळवे, मुहूर्त टळेल," कुलकर्णी बादली घेऊन उभे होते.

"आधी धूळ बघा. धुतली की पुरावा गेला."

"सणासुदीला गाडी घाण ठेवायची?"

"बघून होईपर्यंत."

बॉनेटं उघडली गेली. नव्या सदऱ्यांतली माणसं टॉर्च घेऊन आत वाकली. भोईरने व्हॅनची सीट वर केली, बराच वेळ बघितलं, आणि हाक मारली, "काका, हिकडं एक जागा सफा दिसतेय."

साळवे अख्खे वळले. "मग?"

"मंग कायतरी गळतंय."

वहिनींनी चहा आणून दिला होता, तो ते पट्टा सांभाळत प्यायले. भोईर त्यांच्याकडे बघत राहिला. सगळं आवार बघत होतं. मग भोईरने पाइपवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, मंदामावशींच्या नाकाशी नेलं. त्या म्हणाल्या, "आहे." त्याने सीट खाली केली आणि गॅरेजवाल्याला बोलावलं. पाइपला जोडापाशी चीर गेली होती. सुट्टीमुळे नवा पाइप मिळायला दुपार झाली. व्हॅनची पूजा त्या दिवशी झाली नाही, माळ खुर्चीवर पडून राहिली, आणि भोईरने ती संध्याकाळी गेटला बांधली.

नळ उघडायला साळवे उठले तेव्हा त्यांनी पट्टा काढून मान चोळली. मी जवळ होतो. "बरोबर बघितलं त्याने," मी म्हणालो. साळवे म्हणाले, "मला कसं कळणार?" पण ते हसत होते. वास त्यांना परत आला नव्हता.

दसऱ्याला सकाळी मी गॅलरीतून पाहिलं. साळवे आणि वहिनी पांढऱ्या कपड्यांत आवारातून चालले होते. गळ्यात पट्टा नव्हता. भोईर व्हॅन पुसत होता.

"काका, पट्टा इसरलात."

"आज विहारात जायचंय. तिथे वाकून नमस्कार करतात."

"मंग आजच्या दिवस माझ्याकडं बघू नका," भोईर म्हणाला.

साळवेंनी वहिनींचा हात धरला आणि नाकासमोर बघत, भोईरच्या व्हॅनवरून, माझ्या गॅलरीखालून, कुलकर्ण्यांच्या गाडीवरून, कुठेही न थांबता गेटबाहेर गेले. मी त्यांना असं न थांबता चालताना पाहिलं ते तेवढंच. दिवाळीच्या आधी ते झोपेत गेले.

वहिनी आता मुलीकडे असतात. समोरचं दार बंद आहे. सकाळी आवारात मुलं व्हॅनच्या बाहेर रांगेत थांबतात. भोईर सीट उचलतो, जोडांवरून बोट फिरवतो, बोटाचा वास घेतो, मग मंदामावशी घेतात. त्यानंतर मुलं आत बसतात.